तळआळीचं बावखल

गॉडफ्रे तुस्कानो सर शाळेत पी.टी. शिकवायचे. शिट्टी वाजली की मैदानभर पांगलेली पोरं मुकाट्याने रांगेत येऊन उभी राहतात, हे त्यांनी उभ्या नोकरीत पाहिलेलं. त्यामुळे माणसांना हाक मारली की माणसं येतात, अशी त्यांची समजूत होऊन बसली होती. निवृत्तीनंतर एका बावखलाने ती पार मोडून काढली.

नंदाखाल गावातल्या तळआळीत, क्रुसाच्या मागच्या अंगाला हे बावखल आहे. वाडवडिलांनी खणून ठेवलेलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, उन्हाळ्यात केळींना शिंपलं जायचं, आणि समुद्र इतका जवळ असूनही आळीतल्या विहिरी गोड राहायच्या त्या त्याच्याच जिवावर. जागा चार घराण्यांची सामाईक. सामाईक म्हणजे सांगायला सगळ्यांची आणि सांभाळायला कुणाचीच नाही. त्यातले निम्मे वारसदार बोरिवली-अंधेरीला, काही थेट कॅनडात. मागे राहिले त्यांच्या विहिरींवर विजेचे पंप बसले, तेव्हापासून बावखलाकडे बघायची कुणाला गरजच उरली नाही. जलपर्णीने ते काठोकाठ भरलं. वरून पाहणाऱ्याला हिरवंगार मैदान वाटावं, असं.

ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला तेव्हा कुणी मटण सोडलं, कुणी दारू. सरांनी ठरवलं, आपण काही सोडायचं नाही, काहीतरी धरायचं. ईस्टरपर्यंत बावखल साफ करायचं. त्यांची बायको रेजिना पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, त्यापेक्षा मटण सोडा, सोपं पडेल. सरांना ते बोलणं त्या वेळी लागलं होतं.

सरांनी आळीचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला, क्रुसापाशी फळ्यावर सूचना लिहिली, दाताळी, कोयते, घमेली गोळा केली. पहिल्या रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर खरोखरच माणसं लोटली. इतकी, की सरांनी मनातल्या मनात त्यांच्या तुकड्याही पाडल्या. पण निम्म्या लोकांनी बूट काढले नाहीत. काहींनी दाताळं हातात घेऊन फोटो काढले आणि दाताळं पुढच्याच्या हातात दिलं. सरांचा पुतण्या जॅक्सन, ज्याचा मंडप डेकोरेटरचा धंदा आहे, त्याने सगळ्यांना चहा-वडापाव आणला आणि तो वाटण्यात अर्धी सकाळ गेली. तरी काठालगतची थोडी जलपर्णी निघाली. ग्रुपवर टाळ्या, अंगठे आणि हात जोडलेली चित्रं यांचा पाऊस पडला.

पुढच्या रविवारी सर काठावर उभे राहिले आणि उभेच राहिले. ऊन चढलं. ग्रुपवर कुणाचं लग्न होतं, कुणाचं बारसं, कुणाची कंबर धरली होती. एक जण येतोच म्हणाला होता, त्याला सरांनी स्वतःच्या डोळ्यांनी स्कूटरवरून आगाशीच्या दिशेने जाताना पाहिलं.

आली फक्त उन्नती. आळीच्या तोंडाशी श्रीकुंज नावाची नवी इमारत झाली होती, तिथे ती आणि तिचा नवरा परेश राहायचे. माहेर-सासर दोन्ही संगमेश्वराकडचं, नोकरी अंधेरीला. सरांनी इमारतीतल्या कुणाला बोलावलंच नव्हतं. हे आळीचं काम, परक्यांना कशाला सांगायचं, असा त्यांचा हिशेब. पण तिने फळा वाचला होता. गुडघ्यापर्यंत येणारे रबरी बूट आणि लाल हातमोजे घालून ती आली आणि तिने विचारलं की जळवा आहेत का. सर म्हणाले, आहेत. ती जरा थांबली आणि उतरली.

पुढचे रविवार त्या दोघांचे होते. सरांनी केळीचे खांब बांधून तराफा केला. सर त्यावर बसून आकडीने जलपर्णी ओढत आणायचे आणि उन्नती काठावर खेचून तिचे ढीग घालायची. जलपर्णी दिसायला फुलासारखी हलकी, पण मुळांत पाणी भरलेलं, चार जुड्या उचलल्या की खांदे भरून यायचे. जलपर्णीखालून काय काय निघालं: चपला, फुटका कमोड, गणपतीचं थर्माकोलचं मखर, नाताळच्या गोठ्याचं छप्पर. उन्नती त्यातलं एकेक वर काढून शांतपणे वेगळं ठेवायची. सर मात्र प्रत्येक वस्तूवर चिडायचे. ही कुणाची असेल याचा अंदाज बांधायचे आणि बहुतेक वेळा तो अंदाज बरोबर असायचा, त्यामुळे आणखी चिडायचे.

ईस्टरपर्यंत निम्मं पाणी मोकळं झालं. एका कोपऱ्यात पाणकोंबडी पिलं घेऊन फिरायला लागली. संध्याकाळी सर खुर्ची नेऊन काठावर बसायचे. तेवढे काही दिवस ते खरेच सुखात होते.

मग पिशव्या यायला लागल्या. मोकळ्या पाण्याला हा एक शापच असतो. जलपर्णीने झाकलेलं होतं तेव्हा निदान रोजच्या पिशव्या तरी येत नव्हत्या. सकाळी पाहावं तर गाठ मारलेली पिशवी पाण्यावर डुलते आहे. एका रविवारी उन्नतीने एक पिशवी बाहेर काढली आणि सरांनी दुसरी उघडली. आत सुकलेले हार, नारळाच्या शेंड्या, अगरबत्तीचे पुडे. सरांचं डोकं फिरलं. तिथेच उभं राहून त्यांनी ग्रुपवर लिहिलं: इमारतीत राहायला येणाऱ्यांना गाव हवं, गावची हवा हवी, पण गावाची लाज नको. आपलं निर्माल्य आपल्या गॅलरीत ठेवावं. आमच्या पाण्यात टाकू नये.

त्यावर आळीतून भराभर अंगठे आले. इतके दिवस एक घमेलं न उचललेल्या लोकांनीही अंगठे दिले. श्रीकुंजमधल्या ज्या तीन-चार जणांना उन्नतीने ग्रुपमध्ये आणलं होतं, ते एकामागून एक बाहेर पडले.

रविवारी ती आली, पण बूट घालून आली नव्हती. सरांनी तराफ्यावरूनच तिला हातमोजे घ्यायला सांगितलं. तिने घेतले नाहीत.

“सर, त्या पिशवीत निर्माल्य होतं ते आमच्याच बिल्डिंगमधलं असणार,” ती म्हणाली. “मी नाही म्हणत नाही. पण तिच्या बाजूला दुसरी पिशवी होती. ती मी बाहेर काढली होती, तुमच्यासमोर. तिच्यात कोलंबीची सालं होती आणि आळीतल्या बेकरीचा केकचा खोका. ती कुणाची, ते तुम्ही नाही लिहिलंत.”

सरांचा आवाज चढला. कचरा तो कचरा, आपण कुणाचं नाव घेतलेलं नाही, असं काहीतरी ते बोलले. उन्नतीने ऐकून घेतलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये लोकांनी तिला काय काय ऐकवलं, ते तिने थोडक्यात सांगितलं: फुकटची हमाली करायला जातेस आणि वर आम्हाला शिव्या खायला घालतेस. परेशही म्हणाला होता की आता पुरे. मग ती गेली. तिच्या जाण्याचा सरांना राग आला आणि तो राग नेमका कुणावर काढायचा, हे न कळल्यामुळे त्या दिवशी त्यांनी एकट्याने दुप्पट जलपर्णी ओढली. रात्री रेजिनाने पाठीला तेल चोळलं.

मे महिन्यात आळीच्या क्रुसापाशी रोज संध्याकाळी प्रार्थना असते. शेवटच्या दिवशी सण. क्रुसाला फुलांचे हार, दिव्यांच्या माळा, प्रार्थनेनंतर सगळ्या आळीचं जेवण. मंडप आणि जेवण जॅक्सनकडे. सर आठवडाभर आधीपासून मागे लागले होते. क्रूस बावखलाच्या काठावर, वारा पश्चिमेचा, उष्ट्या प्लेटी उडाल्या तर जाणार कुठे. त्यांनी दोन मोठे निळे ड्रम स्वतः घासून, त्यांवर पांढऱ्या रंगाने ‘कचरा’ लिहून मंडपाच्या दोन टोकांना ठेवले. प्रार्थना संपल्यावर माइक मागून घेतला आणि प्लेटी ड्रममध्येच टाकाव्यात, असं दोनदा सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. मग जेवणं झाली, गाणी झाली, म्हाताऱ्यासुद्धा नाचल्या. सरही त्या दिवशी उशिरापर्यंत हसत होते.

सकाळी बावखल पांढरं झालं होतं. कागदी प्लेटी, ग्लास, टिश्यू, आईस्क्रीमचे कप, सगळं पाण्यावर पसरलेलं. पाणकोंबडी पिलांना घेऊन त्यातून वाट काढत होती. सरांनी आधी ड्रम पाहिले. ड्रम जागेवर नव्हते. ते मंडपामागे सापडले, गार पाण्याने अर्धे भरलेले आणि तळाशी शीतपेयांच्या बाटल्या.

जॅक्सन मंडपाचे बांबू सोडवत होता. त्याला विचारलं, तर त्याने सरळपणे सांगितलं की बर्फ ठेवायला भांडं कमी पडलं, ड्रम रिकामेच उभे होते, म्हणून घेतले.

“त्याच्यावर लिहिलं होतं, जॅक्सन.”

“लिहिलं होतं काका, पण स्वच्छ होते ना. तुम्हीच घासलेले.”

सर घरोघर गेले. आपण जेवलेली प्लेट आपण काढायला चला, एवढंच सांगत गेले. एका घरात सगळे झोपले होते. दुसऱ्या घरात त्यांना चहा देऊन बसवलं आणि सण किती छान झाला ते सांगितलं. तिसऱ्या घरी त्यांचाच एक जुना विद्यार्थी होता. आता त्याच्याही डोक्याचे केस गेलेले. तो हसत म्हणाला, सर, शाळा सुटली, आता तरी आम्हाला सोडा. बोलण्यात वाकडं काही नव्हतं. पण सर तिथून निघाले ते सरळ घरी आले, दाताळी आणि आकडी पडवीच्या माळ्यावर टाकली आणि ग्रुपवर लिहिलं की मी थकलो, हे काम माझ्याच्याने होणार नाही, क्षमस्व. आणि ग्रुप सोडला.

त्यानंतर ते बावखलाच्या बाजूला फिरकले नाहीत. मिस्सेला जाताना लांबच्या गल्लीने जायचे. घरी बसून कोयत्यांना धार लावायचे, पंखा दुरुस्त करायचे, रेजिनाने मांडलेले डबे पुन्हा मांडायचे. शेवटी रेजिनाच म्हणाली की तुम्ही घाणीत उतरत होतात तेच बरं होतं, निदान दुपारी झोप तरी लागायची.

जलपर्णीला सुट्टी नसते. मोकळं केलेलं पाणी तिने बघता बघता परत गिळलं. सणाच्या प्लेटी खाली कुजल्या आणि वास सुटला. डास झाले. आणि एका रविवारी जॅक्सनने सगळ्यांना क्रुसापाशी बोलावलं.

त्याचं म्हणणं सरळ होतं. त्याच्या ओळखीच्या एका ठेकेदाराकडे जुनी इमारत पाडल्याचा राडारोडा होता. तो बावखलात टाकायचा, वर मातीची भर घालायची. आळीला गाड्या लावायला जागा होईल, सणाला मंडप ऐसपैस पडेल, वास आणि डास दोन्ही जातील. लोक माना डोलावत होते. तीच माणसं, त्याच माना. सर मागे नारळाला टेकून उभे होते. आपण आता यात नाही, ऐकायचं आणि घरी जायचं, असं ठरवून आले होते.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, “सरांनी एवढी मेहनत केली, त्यांच्याच्याने झालं नाही. त्यांनीच लिहिलं ना ग्रुपवर? मग आपल्याच्याने काय होणार?”

सगळ्यांनी सहानुभूतीने सरांकडे वळून पाहिलं. सरांनी रागाच्या भरात लिहिलेलं ते वाक्य लोकांनी कोयत्यासारखं नीट उचलून घेतलं होतं, आणि आता त्यानेच बावखल कापायला निघाले होते.

“मी नाही म्हणतो,” सर म्हणाले.

जॅक्सनने त्यांना समजावलं. काका, तुम्हालाच सगळ्यात जास्त त्रास झाला, तुमच्यासाठीच तर करतोय. सर म्हणाले, जागा सामाईक आहे, माझा हिस्सा त्यात आहे आणि मी नाही म्हणतो. लोक कुरकुरू लागले. एका माणसापायी सगळ्यांनी वास घ्यायचा का, असं कुणी म्हणालं. तेव्हा रेजिना, जी अशा बैठकीत कधी तोंड उघडत नसे, खुर्चीवरून न उठता बोलली.

“भरून टाका. पण पुढच्या वर्षी विहिरीला खारं पाणी लागलं, की टँकर कोणाच्या दारात लावणार ते आजच ठरवा. जॅक्सन, तुझी विहीर तर बावखलाला सगळ्यात जवळची.”

जॅक्सन आपल्या विहिरीच्या दिशेने बघायला लागला. इतरही आपापल्या विहिरींचा विचार करायला लागले. बैठक तिथे मोडली. पण उठता उठता जॅक्सनने हात झटकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “ठीक आहे काका. मग सांभाळा तुम्ही. आता वास आला, डास झाले, तर आम्ही तुमच्याकडेच येणार.”

आणि ते खरोखर आले. हाच सगळ्यात मोठा वैताग होता. आतापर्यंत जे कुणाचंच नव्हतं ते एका बैठकीत सरांचं झालं. फोन यायचे: सर, तुमच्या बावखलात मेलेलं मांजर आहे. सर, तुमच्या बावखलाच्या डासांनी पोराला ताप आला. चर्चच्या पायऱ्यांवर एका बाईने त्यांना थांबवून विचारलं की तुमचं साफ कधी होणार, पाहुणे यायचेत. सर आधी प्रत्येकाला उत्तर द्यायचे, की ते माझं नाही, आपलं आहे. लोक हो हो म्हणायचे, आणि पुन्हा तुमचंच म्हणायचे.

शेवटी एका सकाळी त्यांनी माळ्यावरून आकडी काढली. आधी ते श्रीकुंजमध्ये गेले. उन्नतीने दार उघडलं. माफी मागायची सरांना सवय नव्हती. मैदानावर तशी वेळ कधी आली नव्हती. दारातच उभं राहून, हजेरी घ्यावी तशा आवाजात ते म्हणाले, “मी अर्धंच लिहिलं होतं. दुसऱ्या पिशवीचं लिहायला पाहिजे होतं. ते चुकलं.”

उन्नतीने त्यांना आत बोलावलं. ते आत गेले नाहीत. रविवारी काम आहे, एवढं सांगून जिना उतरले.

ती आली. तिच्यासोबत परेशही आला, तेव्हा सरांना क्षणभर फार बरं वाटलं. पण परेशच्या हातात गळ होता. त्याने सावलीची जागा बघून बसकण मारली, पिठाची गोळी गळाला लावली आणि दोरी पाण्यात सोडली. सर आणि उन्नती छातीभर जलपर्णीत राबत होते आणि हा माणूस काठावर बसला होता. थोड्या वेळाने त्याने नम्रपणे विचारलं, काका, जरा आवाज कमी कराल का, मासा बिचकतो.

सरांनी डोळे मिटून मनातल्या मनात एक प्रार्थना म्हटली. ती नीट शेवटपर्यंत गेली नाही.

परेशचा गळ जलपर्णीच्या मुळांत अडकला, सुटेना. दोनदा झटके देऊन पाहिले, मग तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरला आणि तोंडाने पुटपुटत मुळं उपटायला लागला. गळ सुटला तरी वर आला नाही. या कोपऱ्यात पाणी मोकळं झालं तर मोठा मासा येईल, असं काहीतरी त्याच्या डोक्यात बसलं होतं. गावाकडे वहाळात, ओढ्यात मासे धरत वाढलेला माणूस. हात चांगले चालत होते. दुपारपर्यंत त्याने तो कोपरा एकट्याने साफ केला, फक्त तोच. पलीकडची जलपर्णी हाताला लागत होती, तिला त्याने बोटही लावलं नाही. सरांनी ती दाखवली, तर तो म्हणाला, तिथे मासा नसतो.

आजही बावखल अर्धंच मोकळं आहे. एका बाजूने काढावी तर दुसऱ्या बाजूने जलपर्णी पुढे सरकते. उन्नती बहुतेक रविवारी येते, परेश मासा मिळेल असं वाटलं तर येतो. श्रीकुंजमधून अजून कुणी आलेलं नाही. आळीतून एक-दोन जण कधीमधी येतात आणि फोटो काढण्याइतके थांबतात. पिशव्या कमी झाल्यात, बंद झालेल्या नाहीत. सर अजूनही चिडतात. पहिल्यापेक्षा कमी चिडतात असं रेजिना म्हणत नाही, आणि तसं असतं तर ती म्हणाली असती.

परवा जॅक्सनचा फोन आला. त्याने लग्नाची एक मोठी ऑर्डर घेतली होती. नवरा-नवरीला लग्नाआधीचे फोटो काढायला गावातली जागा हवी होती: पाणी, नारळ, मागे क्रूस. मोकळी बाजू त्याने त्यांना दाखवली होती आणि ती त्यांना पसंत पडली होती. फक्त डावीकडची जलपर्णी फोटोत येते.

“काका, शनिवारपर्यंत तेवढी बाजू होईल का?”

सर म्हणाले, “उद्या सकाळी ये. कोयता मी देतो.”

जॅक्सन म्हणाला की उद्या त्याला वेळ नाही, मंडप उभारायचाय. सरांनी फोन ठेवून दिला. रेजिनाने कुणाचा म्हणून विचारलं. सरांनी सगळं सांगितलं, तेव्हा ती ओट्याला धरून हसायला लागली. सर हसले नाहीत. ते पडवीत जाऊन उभे राहिले आणि बावखलाच्या डाव्या बाजूला तराफा कुठून आत घालता येईल ते मनाशी आखायला लागले.